जळोचीच्या तळ्यातले माझे मासे

आमच्या भंडाऱ्याकडून कोणी पुणे जिल्ह्यात जाऊन आलं, की किल्ल्यांच्या आणि देवळांच्या गोष्टी सांगतं. माझ्याकडे तसलं काही नाही. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत मी हिंडलो तो माझे मासे जिवंत आहेत की मेले हे बघायला. सरकारदरबारी ते मेले होते.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मत्स्यबीज तयार करतो. कटला, रोहू, मृगळ यांची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा जिऱ्याएवढी असतात, म्हणून त्यांना जिरे म्हणतात. ती बोटाएवढी वाढली की बोटुकली. ही बोटुकली पाणी आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मी रेल्वेने लांबलांब पोचवतो. बापाने मला एक फाटकं जाळं दिलं होतं, बाकी सगळं माझं मी उभं केलं. हे मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो असं बायको म्हणते. सांगणारच.

नव्वदीनंतर सरकारने शेतकऱ्यांना मासळीच्या तळ्यांसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. खोदाईला मदत, पहिल्या वर्षीचं बीज आणि खाद्यही अनुदानातून. अट एवढीच, की बीज मत्स्य खात्याच्या यादीतल्या माणसाकडूनच घ्यायचं. त्या यादीत नाव लागावं म्हणून मी कितीतरी उंबरे झिजवले. नाव लागलं, आणि गेल्या भाद्रपदात एका दुपारी पुसलं गेलं.

झालं असं. इंदापूरजवळ एका नव्या तळ्यावर बीज सोडण्याचा कार्यक्रम होता. मांडव, ताशा, पाहुणे. दोन्ही तालुक्यांतले तळीवाले तिथेच आपापल्या पिशव्या घ्यायला आलेले. कोणा शहाण्याने माझ्या पिशव्या टेम्पोतून काढून व्यासपीठासमोरच्या टेबलावर रचल्या, फोटोत दिसाव्यात म्हणून. टेबल उन्हात. भाषणं सुरू झाली. आमच्याकडे बीजाची हंडी आधी तळ्यात नुसती बसवून ठेवतात, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. नव्या सुनेला उंबऱ्यावर थांबवतात ना, तसं. मी ओरडलो, "पिशव्या पाण्यात ठेवा जी, मरतील!" तर दोघांनी माझा दंड धरून मला मांडवाबाहेर नेलं. मग पाहुण्यांनी एकेक पिशवी फोडून वरून धबाधबा ओतली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तळ्यावर पांढरा थर, आणि तापलेल्या पिशव्या नेलेल्या बाकीच्या तळ्यांवरही तेच. अहवालात लिहिलं गेलं, "बीज निकृष्ट." यादीतून माझं नाव गेलं, आणि ती बातमी माझ्या आधी माझ्या गावात पोचली.

पाच महिने मी रागात काढले. फाल्गुनात गाडीत बसलो.

इंदापूर

दौंडला उतरून एसटीने इंदापूर गाठलं. सोलापूरचा रस्ता म्हणजे ट्रकांची रांग, आणि त्या रांगेत उसाच्या बैलगाड्या आपल्या बापाचा रस्ता असल्यासारख्या चालतात. आमच्याकडे मैलोन्‌मैल धानाच्या बांध्या, इथे मैलोन्‌मैल ऊस. पाण्याकडे बघायची दोघांची नजर वेगळी. आमचा माणूस तळं दिसलं की आत मासा किती असेल ते बघतो. इथला माणूस पाणी दिसलं की मोटार किती हॉर्सपॉवरची बसेल ते बघतो.

ज्यांच्या तळ्यावर माझा अपमान झाला ते दत्ताजीराव. उसाचे मोठे बागायतदार, साखर कारखान्याचे सभासद. मी भांडायच्या तयारीने त्यांच्या दारात गेलो, तर गडी हात पसरून पुढे आला.

"या या, शेंडेशेठ! आवो, किती आठवण काढली तुमची! बसा. आदी जेवा, मग शिव्या घाला."

आता अशा माणसाशी कसं भांडायचं? पण मी भांडलो. उभ्यानेच भांडलो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "समदं खरं हाय. पर पावण्याला फोटू काडायचा हुता, आन आमाला पावणा पायजे हुता. मासं गेलं त्यात."

"मासं गेलं आणि नाव माझं गेलं!"

"व्हय," ते म्हणाले, "ते बी खरं हाय."

दुपारी त्यांनी मला उजनी धरणाच्या फुगवट्यावर नेलं. एवढं पाणी मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. काठावर लांब पायांचे गुलाबी पक्षी शेकड्यांनी उभे होते. मला आधी वाटलं, हे सगळे मासे खाऊन फस्त करत असतील. दत्ताजीराव म्हणाले, न्हाय, शेवाळ आन किडं खात्यात. मग ते पक्षी मला आवडले. त्यांना जवळून बघावं म्हणून पुढे गेलो आणि गाळात गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय निघाला, चप्पल राहिली. नवी कोरी, भाव करून करून घेतलेली. दत्ताजीराव पोट धरून हसत म्हणाले, "धरणानं एवढी गावं गिळली, तुमची चप्पल कुटं ठिवतोय ते!"

जेवायला त्यांनी काठावरच्या एका झोपडीतून चिलापी तळून आणली. चिलापी म्हणजे या धरणातला काटेरी पराचा काळपट मासा. बरोबर ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खरडा. आमच्याकडे भाताशिवाय मासा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. पण खरं सांगतो, त्या भाकरीवर तो मासा बरा लागला. नाकातोंडातून पाणी काढणारा तो खरडा मी दोनदा मागून घेतला. मी भांडायला आलोय हे मध्येच आठवे आणि मी तोंड गंभीर करी.

साळवी मॅडम

दुसऱ्या दिवशी तळी तपासायच्या दौऱ्यावर आलेल्या अधिकारी बाई तहसील कचेरीत भेटल्या. साळवी मॅडम, मूळच्या कोकणातल्या. आधीच्या साहेबांची बदली झाल्यावर या आलेल्या. मी शिरल्या शिरल्या आवाज चढवला. शिपायाने बाहेरून डोकावून पाहिलं. मॅडमनी मला पूर्ण ओरडू दिलं, मग पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"पिशव्या उन्हात ठेवल्या होत्या, हे मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "पाणी खारं असो की गोडं, असं केल्यावर पिल्लू मरणारच. मला ते सांगायची गरज नाही."

"मग माझं नाव परत लावा ना जी!"

"कशावर लावू? अहवालात सगळ्या तळ्यांतलं बीज मेलं म्हणून लिहिलंय. त्या सगळ्या तळ्यांना आम्ही दिवाळीनंतर भरपाई म्हणून दुसरं बीजही दिलं. तुमच्या त्या दिवसाच्या बीजातलं एका तरी तळ्यात जिवंत दाखवा. मी डोळ्यांनी बघेन आणि मग बीज निकृष्ट नव्हतं असं माझ्या हाताने लिहीन. परवा मी बारामतीत आहे, त्यानंतर पुढचे सहा महिने इकडे फिरकणार नाही."

म्हणजे परवापर्यंत मला मेलेला मासा जिवंत करून दाखवायचा होता. पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत नाव लागलं नाही, तर माझं त्या वर्षीचं सगळं बीज माझ्याच बोड्यांत, म्हणजे गावच्या तळ्यांत, पडून राहणार होतं. आणि गावात जे हसत होते ते मोठ्याने हसणार होते.

बारामती

दत्ताजीरावांनी इंदापूर तालुक्यातली तळी मला स्वतः हिंडवून दाखवली. कुठेच काही नाही. दिवाळीनंतरची करंगळीएवढी पिल्लं तेवढी. संध्याकाळी मी बारामतीच्या एसटीत बसलो तेव्हा माझी अवस्था अशी होती, की वाहकाने सुटे नाहीत म्हटल्यावर मी त्याच्याशीही भांडलो.

बारामती म्हणजे मोठं गाव. मार्केट यार्ड, कॉलेजं, दवाखाने. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एका खानावळीबाहेर पाटी दिसली, "मासा मिळेल." बसलो. समोर रस्सा आला, आणि रश्श्यात एक डोकं.

माझा हात तिथेच थांबला. कटल्याचं डोकं मला अंधारातही ओळखू येतं. मोठं, वर वळलेलं तोंड. मी ते ताटात उलटंपालटं करून पाहिलं. अंगाच्या तुकड्यांवरून मासा चांगला दीड वीत असणार. आता हिशेब करा. दिवाळीनंतरचा कटला फाल्गुनात एवढा होत नाही, त्याला कितीही पेंड चारा. धरणात हल्ली चिलापीच फार. आणि भाद्रपदात या दोन तालुक्यांत कटल्याचं बीज एकाच माणसाने आणलं होतं.

मी खानावळवाल्याला हाक मारली. तो घाबरला, त्याला वाटलं माशी पडली.

"हा मासा कुठून आणता?"

"जळोचीवरनं येतो. बिरूआबांची सून देती आणून. का वो, वास येतोय काय?"

"वास येतोय," मी म्हणालो, "माझ्या बोडीचा!" आणि ते डोकं चोखून चोखून खाल्लं. उठताना खानावळवाल्याने हळूच विचारलं, "पावणं, तुमी बरं हाय न्हवं?"

जळोची

जळोची बारामतीला चिकटूनच आहे. एका बाजूला नवी घरं, दुसऱ्या बाजूला शेतं. बिरूआबांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारं, आता शेतीत स्थिरावलेलं. कालव्याच्या पाझराने त्यांची खालच्या अंगाची जमीन चोपण झाली, मीठ फुललं, ऊस पिवळा पडायला लागला. तिथे त्यांनी अनुदानातून तळं खोदलं.

आबा बांधावर बसले होते. अंगाने काटक, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. मी नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी मांडवातनं ज्याला भाईर काडला त्यो तूच व्हय?"

"मीच."

"लई वरडत हुतास."

मी सरळ विचारलं, "आबा, तुमच्या तळ्यात माझे मासे आहेत ना?"

"हितं? हितं कुटलं आलं? समदं मेलं की. लिवून न्हेलंय सायबानं."

"काल मी तुमचा कटला खाल्लाय, आबा. दीड वीत होता."

तेवढ्यात घरातून पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची सून आली. तिला हसू आवरेना. "सांगून टाका की आता, मामंजी. पावण्यानं मासा बी खाल्ला, आता काय लपवायचं?"

मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी भाषणं लांबली. आबांना परतीची एसटी गाठायची होती, म्हणून टेबलावर रचायच्या आधीच टेम्पोतून स्वतः उतरवून मांडवाच्या सावलीत ठेवलेल्या आपल्या वाट्याच्या पिशव्या घेऊन, सही अंगठा काय तो करून ते भाषणं चालू असतानाच निघाले. पिशव्यांवर ओली घोंगडी पांघरली. आणि इथे आल्यावर पिशव्या न फोडता दिवस मावळेपर्यंत तळ्यात तरंगत ठेवल्या.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? इकत आणलेलं मेंढरू कोन लगीच वाड्यात सोडतंय? आदी भाईर बांदत्यात. वाड्याचा वास लागू देत्यात. मग आत."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण आबांचं तोंड अजून कडूच होतं. कारण उघड होतं. बीज जिवंत असताना त्यांनी दिवाळीनंतरची भरपाईही घेतली होती. मॅडम तळ्यावर आल्या तर ते उघडं पडणार.

"मी कुटं म्हनलो मेली म्हून?" आबा उसळले. "सायेब आला. पान्याकडं बगितलं. पानी गढूळ. म्हनला, हितं बी गेली. लिवलं. माला कुनी इचारलंच न्हाय!"

"तेच मॅडमना सांगा."

"आन तिनं सरकारी मासं परत मागितलं तर? मी काय तळ्यात उतरून निवडून देऊ?"

इथून आमची घासाघीस सुरू झाली. मी आयुष्यभर भाव करत आलोय, पण असं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. आबा म्हणाले, तीन वर्षं बीज फुकट दे. मी म्हणालो, एक पिशवी देत नाही. ते म्हणाले, मग जा. मी उठलो, बांधाच्या टोकापर्यंत गेलो. त्यांनी हाक मारली नाही. मीच परत आलो. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी दोन वर्षांवर आणलं. मी चहा मागवला. सून म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी सांजचा बी चा टाकते."

शेवटी आबांनी काठी जमिनीवर आपटली. "फुकट नगं मला काय. एक गोष्ट पायजे. त्या बाईसमोर, माज्या भावकीसमोर, तुज्या तोंडानं म्हनायचं. बीज कुनाचं बी आसंल, पर राखन बिरूआबाची. राखन हुती म्हून मासं जगलं."

मी ताडकन उठलो. हे बीज माझं! माझ्या पाण्यातलं, माझ्या हातचं! पाच महिने मी हेच ओरडत होतो, की बीज चांगलं होतं. आणि आता मी माझ्याच तोंडाने म्हणू, की श्रेय दुसऱ्याचं? मी नाही म्हणालो. फार काय काय म्हणालो. आबा शांतपणे तंबाखू मळत राहिले.

"इच्यार कर," ते म्हणाले. "पैशात स्वस्त पडतंय तुला."

त्या म्हाताऱ्याने माझी नाडी बरोबर ओळखली होती. मी हो म्हणालो, आणि बारामतीत मॅडमसाठी निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमची जीप आली. आबांची भावकी बांधावर जमलेली. जीपमध्ये जाळं होतं; मॅडम ते काढायला सांगणार, तोच आबा आडवे आले.

"जाळं टाकायचं न्हाय, बाई. एकदा भ्यायली की माज्या हाकंला येणार न्हाईत."

"हाकेला?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मीही बघतच राहिलो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आबांनी पेंडीचं घमेलं काखेला लावलं, पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि जीभ टाळूला लावून मेंढरांना घालतात तशी हाक घातली. "बिर्र्र्र... ये, ये, ये! बिर्र्र्र..."

पाणी सपाट. भावकीतलं कोणी खाकरलं. आबांनी पुन्हा हाक घातली.

मग तळ्याच्या मध्यावर एक वळी उठली. तिच्या शेजारी दुसरी. आणि त्या वळ्या आमच्याकडे सरकायला लागल्या, कळप धुरळा उडवत यावा तशा. पेंड पडली आणि कडेचं पाणी नुसतं उकळलं. मोठमोठी डोकी, वर वळलेली तोंडं, काळ्या पाठी. एकमेकांवर चढत, शेपट्या आपटत. मॅडमच्या साडीवर पाणी उडालं. मी तिथेच उकिडवा बसलो आणि ओरडलो, "माझे! माझे आहेत जी हे! बघा, मेले का हे? निकृष्ट आहेत का हे?" आणि मला एकाएकी रडू फुटलं. ते लपवायला मी तोंडावर तळ्याचं पाणी मारलं.

मॅडम वाकून बघत होत्या. "मागे ते बारीक काय घुटमळतंय?"

दिवाळीनंतरची पिल्लं गर्दीच्या मागे लांबच फिरत होती. मोठे मासे त्यांना पुढे येऊ देत नव्हते. मी आबांकडे पाहिलं. आबा जरासुद्धा हलले नाहीत.

"ती सरकारी हायती, बाई," ते म्हणाले. "नुसत्या हाकंवर येत न्हाईत. त्येंला आदी अर्ज लागतोय."

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना जीपचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाल्या, "आबा, भरपाई तुम्ही मागितली होती का?"

"न्हाय. दिली. घेतली."

"पाहणी आमच्या माणसाने केली, चूक आमची. ती पिल्लं वाढवा आता नीट." आणि त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "शेंडे, अहवाल मी आज बदलते. पुढच्या पावसाच्या आत तुमचं नाव यादीत असेल. आणि यापुढे पिशव्या पाण्यात ठेवल्याशिवाय कोणालाही फोडू देणार नाही, पाहुणे कोणीही असोत. हेही लिहिते."

मी हात जोडले. तेवढ्यात आबांनी काठी जमिनीवर टेकवली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. भावकी माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, मोठ्याने म्हणालो, की बीज कोणाचंही असो, राखण बिरूआबांची. राखण होती म्हणून मासे जगले. म्हणणं जड गेलं, पण शब्द फिरवला नाही.

आबांनी मान डोलावली. मग मॅडमना म्हणाले, "पुढच्या साली बीज हेच्याकडनंच. वरडतोय लई, पर मासं झाक देतोय."

माझ्या अख्ख्या आयुष्यात मला यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

दौंड

निघताना सुनेने ज्वारीच्या भाकरी आणि तळलेल्या कटल्याचे तुकडे फडक्यात बांधून दिले. भात का नाही म्हणून मी उगाच चिडवलं, तर म्हणाली, "भात जातोय आंबून गाडीत. भाकरी भंडाऱ्यापतोर जाती." इंदापूरहून दत्ताजीरावांनी माझ्यासाठी नव्या चपला पाठवल्या होत्या. एक नंबर मोठ्या, पण घातल्या.

दौंडला गाडीत समोरच्या बाकावर एक नागपूरचा गृहस्थ होता. मी फडकं सोडलं तसा वास डब्यात पसरला. त्याला एक तुकडा दिला. त्याने खाल्ला, डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"वा! काय मासा आहे हो! कुठला हा?"

"बारामतीकडचा," मी म्हणालो. "बीज माझं."

तो कौतुकाने माझ्याकडे बघत राहिला. राखण कोणाची, ते त्याने विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.